किल्ली घेण्याआधी फ्लॅट तपासून देणारी सर्व्हिस : बडोद्यातला अनुभव

सरळ सांगते. ६,५४९ रुपये दिले आणि ते वसूल झाले. पण वसुलीचं अर्धं श्रेय तपासायला आलेल्या मुलांना आणि अर्धं २०१६ च्या रेरा कायद्याला, म्हणजे बिल्डरला गिऱ्हाइकाशी बांधून ठेवणाऱ्या केंद्राच्या कायद्याला. हे आधीच लिहिते, कारण हल्ली जो तो म्हणतो की बांधकामाचे नियम सैल करा, घरं आपोआप स्वस्त होतील. वर पुन्हा असंही ऐकवतात की गिऱ्हाईक आता हुशार झालंय, पैसे टाकून स्वतःच तपासून घेतं, सरकार कशाला हवं मध्ये? तर ते तपासून घेणारं गिऱ्हाईक मी.

माझं दांडिया बाजारात शिवणाचं दुकान आहे. वाड्यातला आमचा हिस्सा दिरांनी आणि आम्ही मिळून विकला, आणि त्या पैशांतून वासणा-भायली रस्त्यावर एका स्कीममध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. बिल्डरचं नाव लिहीत नाही, तपासणाऱ्यांचंही लिहीत नाही. एकाची बदनामी नको आणि दुसऱ्याची जाहिरात नको.

सर्व्हिस अशी आहे : पझेशनच्या आधी दोन इंजिनिअर मुलं येतात, दुपारभर घर ठोकून, मोजून, ओलं करून बघतात आणि फोटोंसकट रिपोर्ट देतात. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक कलाभवनातून, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल झालेला मराठी मुलगा, दुसरा जवळच्या पादरा गावचा गुजराती. दर चौरस फुटाला ५ रुपये. आता गंमत बघा. बिल्डर सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही धरून, पैसे घेतो म्हणून आपण बोटं मोडतो, आणि ही तपासणारी मुलंही दर लावतात तो सुपर बिल्ट-अपवरच. १,११० फुटांचे ५,५५०, वर जीएसटी. मी म्हटलं, अरे, तुम्ही तपासणार ६४३ फूट, मग जिन्याचे आणि लिफ्टच्या डक्टचे पैसे मी तुम्हाला का देऊ? मराठी मुलगा हसला आणि म्हणाला, "काकू, मार्केटमध्ये असंच चालतं." मी मुद्दा सोडला नाही, पण त्यांनी दरही सोडला नाही. पाच ताऱ्यांतला पहिला अर्धा तारा तिथे गेला.

बिल्डरच्या ऑफिसात आधी नन्नाचा पाढा. "बेन, बहारना माणसने साइट पर एलाऊ नथी." मी एवढंच म्हटलं की शेवटचा चेक माझ्या पर्समध्ये आहे, तो घरी परत नेते. चहा आला, हेल्मेट आली, सुपरवायझर स्वतः लिफ्टपर्यंत सोडायला आला.

आता मुलांचं काम. हे मी जवळ उभी राहून पाहिलं, म्हणून सांगते. एकाच्या हातात अँटेनासारखी लांब होणारी दांडी, टोकाला लोखंडी गोळी. ती गोळी टाइल्सवरून घासत, टकटक करत तो चालत गेला. भरीव टाइल्सचा आवाज बसका, आखूड. हॉलच्या खिडकीपाशी आला तसा आवाज मोकळा झाला, रिकाम्या डब्यासारखा. त्याने काही बोलायच्या आधी मलाच कळलं. एकेका टाइलवर खडूने फुली मारत गेला, नऊ फुल्या झाल्या. म्हणजे खाली माल नीट भरलाच नव्हता. कडियाने, म्हणजे गवंड्याने, चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबली होती. जड कपाटाचा पाय तिथे आला की टाइल तडकणार, आणि तेव्हा बिल्डर म्हणणार, तुम्हीच काहीतरी पाडलं.

दुसरा बाथरूममध्ये. जाळीवर प्लास्टिक आणि फडकं दाबून बसवलं, पाणी भरलं, मग फडकं काढलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून कमोडच्या मागे जाऊन बसलं. ढाळच उलटा. मग बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला थर्मल कॅमेरा लावला. पडद्यावर खालच्या बाजूला निळा डाग. मी घाबरले. त्याने शांतपणे सांगितलं की हा कॅमेरा ओल दाखवत नाही, फक्त थंड-गरम दाखवतो. ओल आहे का हे दुसऱ्या मीटरने बघायचं. दोन पिना भिंतीला टेकवल्या तर आकडा चढला. म्हणजे होतीच ओल. हे असं उलगडून सांगणं मला आवडलं. कॅमेऱ्यातला निळा रंग दाखवून भीती घालता आली असती, आणखी चार टेस्ट गळ्यात मारता आल्या असत्या. मारल्या नाहीत.

स्वयंपाकघरात तीन दिव्यांचा एक लहानसा प्लग प्रत्येक बोर्डात घालून बघितला. फ्रिजच्या पॉइंटला अर्थिंगच नाही. वायर भिंतीतून आलेली, बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवलेली, जोडलेली मात्र नाही. पूर्ण घरात माझ्या मते हाच एक दोष असा होता की ज्यापायी माणूस जाऊ शकतो. रिपोर्टात तो कुठे होता? अठ्ठाविसाव्या पानावर, 'दरवाजाच्या कडेला ब्रशचे ओघळ' याच्या खाली. माझा दुसरा तक्रारीचा मुद्दा हाच. ३८ पानं, ४७ दोष, सगळ्यांना सारखाच लाल गोल. रंगाचा ओघळही लाल गोल आणि शॉक लागेल असा पॉइंटही लाल गोल. शिवाय रिपोर्ट सगळा इंग्रजीत. बडोद्यात पेन्शनीत निघालेली कितीतरी माणसं आता घरं घेतात. पैसे त्यांचे, आणि वाचायला मुलाला पुण्याहून बोलवायचं का? गुजराती किंवा मराठीत एक पान तरी द्या : हे आज दुरुस्त करा, हे किल्लीआधी करा, हे नाही केलं तरी चालेल.

मापाचं मात्र मी त्यांना सोडलं नाही, कारण तो माझा धंदा. मुलांकडे लेझर, माझ्याकडे टेप. प्रत्येक खोली दोघांनी मोजली, सुताचाही फरक नाही. पण त्यांनी बेरीज केली ती खोल्याखोल्यांची, आणि कार्पेट एरिया निघाला ५६ मीटरच्या आसपास. बानाखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ५९.८० चौरस मीटर. गुजराती मुलाने तर लिहूनही टाकलं, 'एरिया कमी'. मी म्हटलं थांबा. रेरा कायद्यातली कार्पेटची व्याख्या मी बानाखत करतानाच वाचली होती : बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी धरायची नाही, पण घराच्या आतल्या मधल्या भिंतींची जागा धरायची. त्या धरून पुन्हा बेरीज केली, ५९.१० आले. फरक सव्वा टक्क्याच्याही आत, आणि बानाखतात तीन टक्क्यांपर्यंत फरकाचं कलम होतंच. ज्यांचा धंदाच तपासणीचा, त्यांना ही व्याख्या तोंडपाठ हवी. नाहीतर गिऱ्हाईक चुकीचा कागद घेऊन भांडायला जाईल आणि बिल्डर दोन मिनिटांत त्याला गप्प बसवेल. मग बाकीचे ४६ खरे मुद्देही पाण्यात.

जाता जाता : २०१६ च्या आधी देशभरासाठी एकच अशी ही व्याख्या कायद्याने पक्की नव्हती. सुपर बिल्ट-अपवर घर विकणं म्हणजे ब्लाउजपीस मागणाऱ्याला साडीची लांबी सांगून पैसे घेणं. आजही जाहिरातीत तोच मोठा आकडा मोठ्या टायपात असतो, पण बानाखतात कार्पेट लिहावाच लागतो. निदान भांडायला एक आकडा मिळतो.

पुढचं काम रिपोर्टाने झालं नाही. रिपोर्ट नेऊन दिला तर सुपरवायझर म्हणाला, "थई जशे, बेन." होऊन जाईल. बडोद्यात राहणाऱ्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. आमच्या शेजारचा मुलगा दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याने गुजरातीत एक पानी पत्र करून दिलं. वर प्रोजेक्टचा रेरा नोंदणी क्रमांक, खाली दोषांची यादी, आणि मध्ये कलम १४ ची आठवण : पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सोयींचा दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. अर्थिंग त्याच संध्याकाळी जोडलं गेलं. नऊच्या नऊ टाइल्स निघाल्या, त्याच लॉटच्या नव्या बसल्या. बाथरूमचा ढाळ वरवर केला, तो पावसात पुन्हा उघडा पडला, भिंतीला ओल आली. तेव्हा आम्ही राहायला गेलो होतो. शेवटचा चेक केव्हाच वटला होता, माझ्या हातात काही नव्हतं. पुन्हा पत्र, पुन्हा तेच कलम. या वेळी सगळी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. धूळ खूप झाली, पण एक पैसा मागितला नाही.

आता दुसरं घर. खरं तर हे लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

माझ्या नणंदेने, आमच्या वन्संनी, वाडी भागात फ्लॅट घेतला. जुनं घर पाडून उभी केलेली सहा फ्लॅटची इमारत. माझ्या सांगण्यावरून त्यांनीही हीच मुलं बोलावली. तीच दांडी, तोच प्लग, तोच लाल गोल. दोष माझ्यापेक्षा वाईट : बाल्कनीचं रेलिंग हाताने हलतं, गच्चीवरून बेडरूमच्या स्लॅबला पाझर, तीन बोर्डांना अर्थिंग नाही. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावरच्या चिरेबद्दल मुलांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ही वरवरची आहे, घाबरू नका. पण पाझराकडे दुर्लक्ष करू नका, सळ्या गंजतील. वन्सं रिपोर्ट घेऊन गेल्या. बिल्डरने पानं चाळली आणि म्हणाला, "रिपोर्ट सरस छे, फ्रेम करावीने राखो."

आमचा वकील तिथे हात चोळत बसला. रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सगळे मिळून आठपेक्षा जास्त फ्लॅट नसतील, तर नोंदणीच लागत नाही. नोंदणी नाही म्हणजे वेबसाइटवर प्रोजेक्ट नाही, पत्रावर टाकायला क्रमांक नाही, बिल्डरला रेरापुढे उत्तर द्यायचं नाही. वकील म्हणाला, ग्राहक आयोगात जाऊ. वन्सं म्हणाल्या, "माझं वय बघ आणि तारखा बघ." शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रेलिंगचं वेल्डिंग आणि वायरिंग त्यांनी पदरच्या पैशाने केलं. तपासणीचे पैसे वेगळे.

दोन्ही घरी तपासणारे तेच, फोटो तितकेच स्पष्ट. मी पत्र लिहिलं तर कडिया आला, वन्संनी लिहिलं तर विनोद आला. ज्यांना वाटतं की खासगी तपासणी आली म्हणजे कायद्याची गरज संपली, त्यांनी एकदा वाडीत जाऊन वन्संच्या हातचा चहा घ्यावा.

आमच्या घरात या वादाची दुसरी बाजूही आहे. माझा मावसभाऊ कारेलीबागेत राहतो, लहान बिल्डर आहे. त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण तो खोटं बोलत नाही. "ताई, गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांचे दाखले. आधी मी एका स्कीमच्या पैशांत दुसऱ्या स्कीमची जमीन बांधून ठेवायचो. आता ते बंद. मोठ्यांकडे बँक आहे, माझ्याकडे कोण? म्हणून मी आठच फ्लॅट बांधतो." नवव्या फ्लॅटची जागा असली तरी बांधत नाही. त्याची मागणी आहे की ही मर्यादा वीस फ्लॅटपर्यंत वाढवावी. आणि ती मागणी हवेतून आलेली नाही. २०१३ च्या मूळ विधेयकात ही रेघ १,००० चौरस मीटर किंवा १२ फ्लॅट अशी होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती ५०० आणि ८ वर आणली. राज्य सरकारांना ही रेघ आणखी खाली आणायची मुभा आहे, वर न्यायची नाही. ती वर न्यायची तर संसदेतच जावं लागेल. राज्याने आपला वेगळा, सोयीचा कायदा करावा म्हटलं तर तोही रस्ता बंद : पश्चिम बंगालने केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२१ ला रद्द केला, कारण त्याच विषयावर संसदेचा कायदा होता.

मी त्याला म्हटलं, तू एका स्कीमच्या पैशांत दुसरी जमीन घ्यायचास ना, नेमका त्यामुळेच हा कायदा झाला. पहिल्या स्कीमवाल्यांचे हप्ते चालू, भाडं चालू, आणि त्यांच्या पैशांवर तू दुसरीकडे पाया खणतोस. तो गप्प बसला. पण त्याच्या दुसऱ्या तक्रारीवर मी गप्प बसले. रजाचिठ्ठीसाठी, म्हणजे बांधकामाच्या परवानगीसाठी, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, एका खात्याचा शेरा दुसरं खातं मानत नाही, आणि तोवर जमिनीत अडकलेल्या पैशावर व्याज चढतं. ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच फुटाच्या दरात येतं. तो खर्च कापा, कोण नको म्हणतंय? पण 'नियम कमी करा' म्हणताना ही माणसं एकाच पिशवीत दोन्ही वस्तू घालतात : बांधण्याआधीचे शिक्के आणि बांधल्यानंतरची पाच वर्षांची जबाबदारी. शिक्के कमी झाले तर मी मावसभावाच्या घरी पेढे घेऊन जाईन. जबाबदारीला हात लावला तर बाथरूमच्या भिंतीचं काय करू?

हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. भाची नॉर्थ कॅरोलिनात असते. तिकडे जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी महागाईवर एक आदेश काढला. त्यात लिहिलं आहे की नवं घर बांधायच्या खर्चातला २५ टक्के भाग नियमांमुळे येतो. हा असा आकडा तिथल्या घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेने २०२१ मध्येही काढला होता : नव्या घराच्या सरासरी किमतीतले ९३,८७० डॉलर, म्हणजे जवळपास २४ टक्के. त्यात केंद्राचे, राज्याचे, गावचे सगळे नियम एकत्र धरलेले. हिशोब बांधणाऱ्यांनीच मांडलेला, त्यामुळे त्यात खर्चाचा रकाना आहे, फायद्याचा नाही. भाचीने घेतलं ते घर १९७८ च्या आधीचं. तिकडच्या केंद्रीय कायद्याने अशा घराच्या रंगात शिसं असल्याचं माहीत असेल तर विकणाऱ्याला सांगावंच लागतं, आणि घेणाऱ्याला ते तपासून घ्यायला दहा दिवसांची मुदत द्यावी लागते. तिच्या मांडीवर तेव्हा रांगतं मूल होतं. तपासणारा माणूस बाजारातून आला, पैसे तिने दिले. पण घराचं दार त्याच्यासाठी दहा दिवस उघडं ठेवलं ते कायद्याने. मला माझ्या शेवटच्या चेकवर दार उघडायला लागलं. आपल्याकडे कुणाला नियम बदलायचेच असतील तर हा एक वाढवा : किल्लीआधी आपला माणूस आणून तपासायचा हक्क, स्पष्ट शब्दांत लिहिलेला.

रेरा फार थोर चाललंय असं माझं म्हणणं नाही. भरपाईचे आदेश निघतात, वसुलीचे कागद कलेक्टर कचेरीत जातात आणि तिथे पडून राहतात, अशी रड सगळ्याच राज्यांतून ऐकू येते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सुनावणीत सुनावलं होतं की ही प्राधिकरणं निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्रं झाली आहेत. पण माझ्या बाबतीत मला प्राधिकरणापर्यंत जावंच लागलं नाही. पत्राच्या डोक्यावर नोंदणी क्रमांक होता, तेवढ्यावर काम झालं. दंड प्रोजेक्टच्या खर्चाच्या टक्क्यांत मोजला जातो हे बिल्डरच्या सीएला माहीत असतं, सुपरवायझरला नसलं तरी.

वेबसाइटचंही सांगते. गुजरात रेराच्या वेबसाइटवर आमच्या स्कीमचे मंजूर नकाशे, किती फ्लॅट बुक झाले, काम कुठवर आलं ते सगळं दुकानात बसून, हुक लावता लावता, फोनवर बघता आलं. नकाशातली आमची खिडकी आणि भिंतीतली खिडकी एकच आहे का, हे तपासणारी मुलं बघत नाहीत. ते मी बघितलं. त्यांनी बघायला हवं. आपल्या फ्लॅटचा नकाशा बदलायचा तर आपली संमती लागते, इमारतीचा बदलायचा तर दोन तृतीयांश घरवाल्यांची लेखी. मग बदल झालाय की नाही हे शोधणं तपासणीचा भाग का नसावा?

आणि सगळ्यात मोठी उणीव : त्यांची तपासणी फ्लॅटच्या दाराशी संपते. पार्किंग नाही, गच्ची नाही, लिफ्टचा खड्डा नाही, मीटर रूम नाही. मुंबईत हे चालत असेल, बडोद्यात कसं चालेल? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा अकोटा, मुजमहुडा, समा इथल्या लोकांच्या हॉलमधल्या टाइल्स भरीव होत्या की पोकळ, हे कुणी विचारलं नाही. मीटर खाली होते म्हणून वरच्या मजल्यावरची कोरडी घरंही अंधारात राहिली, आणि लिफ्ट बंद म्हणून आजीआजोबा वर अडकले. माझ्या इमारतीत मीटर पॅनल पार्किंगच्या जमिनीपासून किती उंचीवर आहे, ते मीच माझ्या टेपने मोजलं : कमरेएवढं. मग सोसायटीच्या पहिल्या मीटिंगमध्ये तोच मुद्दा काढला, आणि आता बिल्डरशी त्यावर आमची सगळ्यांची मिळून पत्रापत्री चालू आहे. ही गोष्ट ४७ दोषांच्या यादीत नव्हती.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन. मुलं वेळेवर आली, पायपुसण्यावर पाय पुसून आत आली, घाबरवलं नाही, बिल्डरकडून काही घेतलं असेल असा संशय यावा असं काही वागली नाहीत. सुपरवायझरने बाजूला नेऊन चहा विचारला तो मराठी मुलाने माझ्यासमोरच नाकारला. दीड तारा कापला तो सुपर बिल्ट-अपच्या दरासाठी, कार्पेटच्या बेरजेसाठी आणि दाराबाहेर न बघण्यासाठी.

बोलावणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पझेशनची तारीख पावसाळ्याच्या आसपास असेल तर चार सरी पडू द्या आणि मग बोलवा. उन्हाळ्यात ओल दिसत नाही. शेवटचा चेक फाडायच्या आधीच बोलवा. मीटर रूम आणि गच्ची बघायचं फोनवर ठरवतानाच कबूल करून घ्या. माझ्या शेजारणीने पाचशे रुपये जास्त देऊन ते करून घेतलं. रिपोर्ट आला की त्यातले जिवाशी गाठ असलेले मुद्दे वेगळ्या कागदावर स्वतः उतरवा आणि तोच कागद आधी द्या. आणि इमारत आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटची असेल तर हे सगळं टोकन द्यायच्या आधी करा, कारण नंतर तुमच्या हातात फक्त ३८ पानं असतील.